पेटीपर्यंतचे चौदाशे मीटर

जळगाव,
दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. आधारभाऊ यांस,
सविनय जय भीम.

गेल्या आठवड्यात मी आपल्या मोबाइलवर व्यायामाविषयी सतरा संदेश पाठवले. सतराही संदेशांना आपण अंगठा दाखवलात. अठरावा संदेश मी मुद्दाम ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला’ असा पाठवला. त्यालाही अंगठा आला. यावरून आपण मोबाइलवर काहीही वाचत नाही, हे सिद्ध झाले. कागद मात्र आपण वाचता. चौतीस वर्षे एस.टी.त कंडक्टर असताना प्रवाशाचा पास आपण दोन्ही बाजूंनी आणि उन्हात धरून वाचत होता, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

आपल्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ९.१ आला, असे आपल्या मुलाने, प्रशीलने, कळवले. डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर आकडा आठच्या खाली आला नाही, तर रोज इन्शुलिनची सुई. चालत्या गाडीत दारुड्याच्या हातातला कोयता काढून घेणारे माझे भाऊ सुईचे नाव ऐकताच टेबलाची कड धरून बसले, असेही तो म्हणाला. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु सुई टाळायची असेल, तर शरीरात काय चालले आहे ते आधी समजून घ्यावे लागेल, आणि समजावून सांगणे हा माझा एकतीस वर्षांचा व्यवसाय होता.

असे समजा, की रक्त हे बसस्थानक आहे, साखर म्हणजे प्रवासी आणि स्नायू म्हणजे गाडी. इन्शुलिन हा कंडक्टर. त्याने दार उघडले, की प्रवासी गाडीत चढतात आणि स्थानक मोकळे होते. आपल्या बाबतीत दार गंजले आहे. कंडक्टर ओढतो, शिव्या देतो, दार किलकिले होते, आणि स्थानकावर गर्दी वाढत जाते. ही गर्दी पुढे डोळ्यांत, मूत्रपिंडात आणि पायांत जाऊन मोडतोड करते. आता आनंदाची गोष्ट ऐका! स्नायू हलू लागले, की गाडीचे मागचे दार आपोआप उघडते. त्याला कंडक्टर लागत नाही! निसर्गाची ही तरतूद मी वर्गात दरवर्षी शिकवली आणि दरवर्षी मला तितकाच हर्ष झाला. मात्र हे दार फार तर एक-दोन दिवस सैल राहते, म्हणून चालणे रोजचे हवे. गोळ्या चालू ठेवून हवे, गोळ्यांऐवजी नव्हे.

आता योजना. सोबत शंभर कोरी पोस्टकार्डे पाठवत आहे. रोज जेवणानंतर एक कार्ड लिहून आपण स्वतः चालत जाऊन टपालपेटीत टाकायचे. मी नकाशावर मोजले आहे: आपल्या दारापासून कॉलनीच्या मैदानातून लाल पेटी बरोबर सहाशे मीटर. मजकूर काहीही चालेल. कार्ड मला पोहोचले, की आपण चाललात असे मी समजेन. इतका साधा पुरावा विज्ञानात क्वचित मिळतो.

नर्मदावहिनींना नमस्कार.

आपली,
संघमित्रा

ता.क. वेग इतका असावा, की चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. आपण एरवीही गाऊ नये, हे वेगळे.


देवपूर, धुळे
१६/११/२५

चि. संघमित्रास,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. पोस्टमन म्हणाला, आबा, एवढी कार्डं, लग्न आहे का घरात? मी म्हटलं, नाही रे, शिक्षा आहे.

पहिला आक्षेप. चौतीस वर्षं मी हलत्या गाडीत उभा होतो. धुळे ते चोपडा रस्त्याला त्या काळी रस्ता म्हणणाऱ्या माणसाला दात नसायचे. एवढं हललो, तेव्हा ती मागची दारं उघडली नाहीत का? की निवृत्तीबरोबर ती सवलतही बंद झाली?

दुसरा आक्षेप. तुझा नकाशा खोटं बोलतो. मैदानातून जाताच येत नाही. आमच्या कॉलनीत ‘मोकळी जागा’ नावाची एक बंद जागा आहे. दोन्ही फाटकांना कुलूप, चावी रुपचंदशेठकडे. शेठ कॉलनी समितीचे अध्यक्ष आहेत. कधी निवडून आले ते कोणालाच आठवत नाही. आत व्यायामाची अकरा यंत्रं जूनपासून प्लास्टिक गुंडाळून उभी आहेत. उद्घाटन व्हायचंय. कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव कोरलं, तर पाहुण्यांनी पक्ष बदलला. दुसऱ्यांचं कोरलं, तर ते रुसले. आता निवडणुकीची आचारसंहिता येतेय म्हणे, म्हणून दगडावर लाल फडकं टाकलंय. मी शेठना म्हटलं, शेठ, तोवर जरा वापरू द्या. तर म्हणतात, “आबा, उद्घाटनाआधी घाम लागला तं यंत्रं जुनी दिसतील!” मी निवृत्त माणूस. माझ्याकडे शिटीही उरली नाही.

म्हणजे पेटीला जायचं तर मैदानाला वळसा घालून. प्रशीलनं स्कूटरवर मोजलं. एक पूर्णांक चार किलोमीटर. त्या वाटेवर फुटपाथ आहे, फुटपाथवर रसवंती आहे, रसवंतीला टेकून रिक्षा आहे, आणि रिक्षाखाली कुत्रं आहे. चालणाऱ्यानं कुठून चालावं याचा खुलासा नगरीत कोणी केलेला नाही.

नर्मदेला म्हटलं, तू पण चल सोबत, तुझा गुडघाही धरलाय. तर म्हणाली, कामाशिवाय बाई रस्त्यानं फिरली की चार ओट्यांवरून चार जणी विचारतात, “कथी चालनी व माय?” आणि ‘फिरायला’ म्हटलं की घरात भांडण झालंय असं समजतात. तेव्हा तो विषय मिटला.

पण ती सुई, मित्रा. ते नको. बाकी काहीही सांग. करतो.

तुझा,
आधारभाऊ


जळगाव,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

ती. आधारभाऊ यांस,
सविनय जय भीम.

आपल्या पत्राने मला इतका आनंद झाला, की ते मी उभ्याने वाचले. एक पूर्णांक चार! जाऊन-येऊन दोन हजार आठशे मीटर! आपल्या वयाला साधारण पस्तीस ते चाळीस मिनिटे. प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दमदार चालणे हवे, असे जगभरचे वैद्यक सांगते. रुपचंदशेठच्या कुलपाने ते आपल्याला न मागता पुरवले. देवपुरात एवढा परिणामकारक प्रशिक्षक दुसरा नसेल.

आपल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर: गाडी हलत होती, आपण नव्हे. आपण तेव्हा निरोगी होता ते गर्दीतून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत दिवसातून शंभरदा घुसत होता म्हणून. निवृत्तीनंतर आपण आरामखुर्ची घेतली आणि तिचे मात्र तत्काळ उद्घाटन केले.

कुलपाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. लोक व्यायाम करत नाहीत ते आळसामुळे, अशी समजूत आहे. मी जिल्हाभर शाळा-शाळांतून हिंडून पाहिले. मैदान असते, पण तिथे मंडप असतो. चेंडू असतात, पण हरवतील म्हणून ते कपाटात असतात. खेळाचा तास असतो, पण त्यात गणिताचा राहिलेला धडा घेतला जातो. दिवे नसतात म्हणून संध्याकाळी मुली येत नाहीत, आणि मुली येत नाहीत म्हणून दिवे लावले जात नाहीत. वस्तू जपून ठेवण्याच्या आपल्या थोर सवयीत माणसे तेवढी जपायची राहतात.

आता एक विनंती. कार्डावर रोज वाटेत दिसलेली एक गोष्ट लिहीत जा. निरीक्षणाने चालणे कंटाळवाणे होत नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर मेहरूण तलावाच्या फेरीत मला दररोज नवा पक्षी दिसतो.

पहिली सहा कार्डे मिळाली. क्रमांक घालून फाइलला लावली आहेत. नर्मदावहिनींना नमस्कार.

आपली,
संघमित्रा


देवपूर, धुळे
१४/१२/२५

चि. संघमित्रास,
जय भीम.

रोज कार्ड जातंय, तुला मिळतंय, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तू वाटेतल्या गोष्टी लिही म्हणालीस, म्हणून लिहितोय. टॉकीजवर नवं पोस्टर लागलंय. टॉकीजशेजारचा लस्सीवाला अजून तस्साच ग्लास उंच धरून ओततो. पिंपळाखालचा चांभार मान हलवून ओळख देतो. कंडक्टरची नजर आहे, काही सुटत नाही.

इकडे भरिताचा हंगाम जोरात आहे. रविवारी चिंधाभाऊच्या मळ्यात पार्टी झाली. काटक्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. तू विचारशील म्हणून सांगतो, मी मोजून खाल्लं. मोजणारा मीच होतो.

नर्मदेचं मात्र काही कळेनासं झालंय. भाजी आणायला जाते ती तासाभरानं येते. भाजी तीच, जुडी तीच. विचारलं तर म्हणते, गर्दी होती. येताना काहीतरी गुणगुणत येते. परवा जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबलो, ती वर पोहोचून चहा ठेवूनसुद्धा झाली. चपला झिजल्या म्हणून नव्या मागितल्या. आधीच्या पाच वर्षं पुरल्या होत्या. आणि शिंपिणीकडे ब्लाउज आत घ्यायला टाकलेत. या वयात काय हे?

तब्येत ठीक.

आधारभाऊ


जळगाव,
दि. २८ डिसेंबर २०२५

ती. आधारभाऊ यांस,
सविनय जय भीम.

आजवर आपली अडतीस कार्डे मिळाली. ती सर्व टेबलावर मांडून मी सलग अभ्यासली आणि काही निष्कर्ष सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एक. आपल्या शरीराची उष्णता लक्षणीय वाढली आहे. धुळ्याचा पारा सहावर आला असे वर्तमानपत्रात वाचले, त्याच दिवशीच्या कार्डावर आपण ‘आज बरंच उकडतंय’ असे लिहिले आहे! चालण्याने रक्ताभिसरण सुधारल्याचे याहून स्पष्ट लक्षण कोणते? दोन. रविवारी टाकलेली आणि शुक्रवारी टाकलेली कार्डे एकाच शाईत, एकाच हाताच्या वळणाने, जणू एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसतात. म्हणजे हातातला थरथराट गेला. तीन. जवळपास प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर हळदीचा ठसा आहे. जेवून हात न धुता आपण थेट निघता, हे मला आरोग्याच्या दृष्टीने खटकते. पण जेवणानंतर लगेच चालल्याने साखर चढायच्या आत उतरते, म्हणून माफ केले.

वहिनींचे गुणगुणणे मला अगदी समजते. पतीची प्रकृती सुधारताना पाहून कोणत्या बाईला आनंद होणार नाही? त्यांना नव्या चपला अवश्य द्या.

निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात पुढील महिन्यात माझे व्याख्यान आहे. त्यात मी आपले उदाहरण देणार आहे. नाव घेणार नाही. ‘धुळ्याचे एक आजोबा’ एवढेच म्हणेन.

आपली,
संघमित्रा


धुळे
१८/१/२६

चि. संघमित्रास,

व्याख्यानात माझं नाव घेऊ नकोस. आजोबाही म्हणू नकोस. धुळेही म्हणू नकोस.

दोन शंका आहेत. दुसऱ्या एका गृहस्थाच्या आहेत, मी फक्त पोहोचवतो. माणूस मनातल्या मनात अगदी मनापासून चालला, प्रत्येक वळण आठवून, तर ते मागचं दार थोडं तरी उघडतं का? आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात भात सोडला, उपास केला, तर यंत्राला कळतं का?

उत्तर लवकर दे. त्या गृहस्थाला घाई आहे.

आधारभाऊ


जळगाव,
दि. २५ जानेवारी २०२६

ती. आधारभाऊ यांस,
सविनय जय भीम.

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि दोन्ही उत्तरे नकारार्थी असल्याचे हळुवारपणे कळवा.

मनाने कितीही चालले तरी मांडीचा स्नायू आकुंचन पावत नाही. दुसरे असे, की रक्तातली साखर तांबड्या पेशीला चिकटते, आणि ती पेशी तीन-चार महिने जगते. तपासणीत मोजतात ते हे चिकटणे. आपल्या भाषेत सांगायचे, तर तिकीट तपासनीस शेवटच्या थांब्यावर चढला तरी पहिल्या थांब्यापासूनची सगळी तिकिटे मोजतो. आठवड्याच्या उपासाने काय होणार?

गृहस्थांना सांगा, की उपास करण्यापेक्षा त्यांनी आपल्यासारखे चालावे. माझे व्याख्यान उत्तम झाले. ‘खानदेशातील एक ज्येष्ठ’ असे म्हटले. टाळ्या पडल्या.

आपली,
संघमित्रा


जळगाव,
दि. १९ फेब्रुवारी २०२६

ती. आधारभाऊ यांस,
जय भीम.

मुदत संपून चार दिवस झाले. आपण फोन उचलत नाही. प्रशील ‘आत्या, तुम्ही बाबांशीच बोला’ म्हणून फोन ठेवतो. कार्डे शहाऐंशी आली, आणि एकाएकी थांबली. आकडा काय आला? मला झोप नाही.

संघमित्रा


देवपूर, धुळे
२२ फेब्रुवारी २०२६

संघमित्राताईंना नर्मदाचा जय भीम.

मी सातवी शिकलेली. चूक झाली तर तुमच्या विद्यार्थ्यांसारखी लाल शाईनं दुरुस्त करा, पण आधी पूर्ण वाचा.

तुमच्या भावाचा आकडा ९.३ आला. म्हणजे होता त्याहून वर.

ताई, ते एक दिवसही पेटीपर्यंत गेले नाहीत. रविवारी आरामखुर्चीत बसून सात कार्डं एकदम लिहायचे, पुढच्या तारखा टाकून. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “नर्मदे, भाजीला चाललीस ना? हे तेवढं टाक.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगायच्या आतच मी कार्ड उचललं. हळदीचे ठसे माझ्या बोटांचे. त्यांनी लिहिलेली टॉकीज पाडून आठ वर्षं झाली. लस्सीवाला वारला. पिंपळ आहे.

मला राग यायला हवा होता ना? नाही आला. का ते सांगते. लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली. किराणा, दवाखाना, मयत, बारसं, एवढ्याचसाठी मी उंबऱ्याबाहेर पडले. पेटीला निघाले, तर पहिल्याच ओट्यावरून हाक आली, “कथी चालनी व माय?” मी कार्ड वर धरलं. म्हटलं, “पत्र टाकाले चालनी. जळगावले. अर्जंट शे.” पुढे कोणी एक शब्द विचारला नाही! ताई, ते कार्ड म्हणजे पास होता. पन्नास पैशांत मला रोज चाळीस मिनिटं मिळाली. पहिला आठवडा रसवंतीच्या बाकावर बसत बसत गेले. महिन्याभरानं बाक कुठे गेला तेच कळेना, एवढी पुढे निघून जायची.

मग ओट्यावरची कोकिळा विचारायला लागली, रोज काय गं लिहितेस? मी खरं सांगितलं. तिनं धरणगावच्या बहिणीला कार्डं सुरू केली. आता आम्ही आठ जणी आहोत. ज्यांना लिहायला कोणी नाही त्या एकमेकींनाच लिहितात. सपना आमच्या शेजारीच राहते, तिचं कार्ड मला तिसऱ्या दिवशी येतं.

एक दिवस आठही जणी रुपचंदशेठच्या दारात गेलो. “शेठ, पत्र टाकायचंय, फाटक उघडा.” उघडलं. येताना परत, “शेठ, घरी जायचंय, उघडा.” दुसऱ्या दिवशी परत. अकरा दिवस त्यांनी दोन्ही वेळेला दुपारची झोप मोडून चावी फिरवली. बाराव्या दिवशी म्हणाले, “बायांनो, मनी चावी हारपनी असं समजा,” आणि कुलूप काढून घरात घेऊन गेले. यंत्रांचं प्लास्टिक वाऱ्यानं उडालं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. कोनशिलेवरचं लाल फडकं तसंच आहे. त्याच्यावर आम्ही पिशव्या ठेवतो.

आता दवाखान्याचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आबा, रोज चालता ना?” हे पंख्याकडे बघून म्हणाले, “रोज.” मी म्हटलं, “मॅडम, ते नहीं चालतस. मी चालस.” त्या हसल्या, आणि म्हणाल्या, मग तुमचंही रक्त देऊन जा. दोन वर्षांपूर्वी शिबिरात माझा आकडा ६.९ होता. तेव्हा कोणी काही बोललं नाही, मीही नाही. आता ६.१ आलाय, एकही गोळी न घेता.

तुमच्या भावानं दोन्ही कागद हातात घेतले. आधी दोन्ही बाजूंनी वाचले. मग सुई किती जाड असते ते विचारलं. ताई, माणूस लबाड आहे, पण घाबरतो खरंच. मीच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, चालण्याचं औषध यांनी घेतलंच नाही, तर ते लागू पडलं नाही असं कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. गोळी बदलते. आणखी तीन महिने. पण शेवटचे.”

आता दोन गोष्टी तुम्हाला विचारते. रागावू नका. तुम्ही पहिल्या दोन्ही पत्रांत मला नमस्कार पाठवला. नमस्कारानं गुडघा बरा होत नाही. माझा गुडघा धरलाय असं त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आणि तुम्ही त्यांची दोन हजार आठशे पावलं की मीटर मोजत बसलात. शंभर कार्डं पाठवलीत, त्यात दहा माझ्या नावाची का नव्हती?

दुसरं. तुमची पत्रं तुम्ही पेटीपर्यंत चालत नेता का?

तुमची वहिनी,
नर्मदा


जळगाव,
दि. १ मार्च २०२६

प्रिय नर्मदावहिनींस,
सविनय जय भीम.

आपले पत्र मी पूर्ण वाचले. लाल शाई हाती घेतली नाही. ती माझ्याच पत्रांना लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते अधिक अवघड आहे. नाही. पोस्टमन रोज आमच्या दारावरून जातो. पत्र मी त्याच्या हाती देते. मेहरूणची फेरी मी गुडघा दुखू लागल्यावर दोन वर्षांपूर्वी सोडली. ज्या पक्ष्यांविषयी भाऊंना लिहिले, ते माझ्या गच्चीवरच्या टाकीवर बसतात. खुर्चीत बसून मी चार-चार पाने चालण्याचे गुणगान लिहिले, आणि आपण दोन ओळींचे कार्ड घेऊन चालत गेलात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. खेळाला कोणत्या गोष्टी आड येतात, हे मी एकतीस वर्षे शिकवले. मैदान, दिवे, वेळ, साधने, सगळे फळ्यावर लिहिले. ‘बाईला घराबाहेर पडायला कारण लागते’ हे मी फळ्यावर कधी लिहिले नाही, कारण मला नोकरीचे कारण रोज होते. भाऊंनी ते आपल्या तोंडचे वाक्य पहिल्याच पत्रात लिहून पाठवले होते. मी ते वाचले, आणि पुढे जाऊन कुलपावर व्याख्यान दिले.

सोबत दोनशे पोस्टकार्डे आहेत. शंभर आपल्या नावाची. उरलेली भाऊंची, पण त्यांच्यावर पहारा आपला. व्याख्यानातल्या श्रोत्यांनाही मी खरे कळवणार आहे. टाळ्या आपल्याकडे वर्ग करते.

आणि हे पत्र मी स्वतः पेटीत टाकायला निघाले आहे. आमची पेटी सातशे मीटरवर आहे. नऊ वर्षे इथे राहून मला ती कुठे आहे ते आज शेजाऱ्यांना विचारावे लागले.

आपली नणंद,
संघमित्रा


धुळे
३/३/२६
पोस्टकार्ड

चि. मित्रास,
आज पहिल्यांदा गेलो. तीनदा थांबलो. टॉकीजच्या जागी गाड्यांचं पार्किंग आहे, मला कोणी सांगितलंही नाही. नर्मदा पन्नास पावलं पुढे. मी रसवंतीच्या बाकावर टेकलो, तर भर रस्त्यात ओरडली, “चला, पुढे सरका! पुढे सरका!” चौतीस वर्षं मी हे लोकांना म्हणालो. इतकं वाईट वाटतं हे माहीत नव्हतं.
पेटीचं तोंड गंजलंय. कार्ड ढकलावं लागतं.
आ.


जळगाव,
दि. २० मे २०२६

ती. आधारभाऊ यांस,
सविनय जय भीम.

आपली सत्तर कार्डे मिळाली. एकावरही हळद नाही. घामाने शाई मात्र अनेक ठिकाणी पसरली आहे, आणि वहिनींच्या कार्डांशी ताडून पाहिले असता हवामान जुळते.

बावीस तारखेला आपली तपासणी आहे. हात जोडून विनंती करते, की आकडा कळताच फोन करा. त्याच क्षणी. या एका बाबतीत टपालावर विसंबू नका.

आपली,
संघमित्रा

ता.क. आज तलावाच्या अर्ध्या फेरीपर्यंत गेले. पक्षी एकही दिसला नाही. उकाडा फार होता. तरीही लिहावेसे वाटले.


धुळे
२२/५/२६
पोस्टकार्ड

चि. मित्रास,
जय भीम.

सात पूर्णांक सात. सुई नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात दिला, मी दोन्ही बाजूंनी वाचला, मागची बाजू कोरी होती तरी.

तुझे आठ मिस्ड कॉल दिसतायत. उचलले नाहीत, कारण फोनवर सांगून टाकलं असतं तर आज कार्डावर काय लिहिणार होतो? बेचाळीस अंश ऊन आहे, त्यात निघायला माणसाला काहीतरी कारण लागतं.

मैदानाचं फाटक उघडंच आहे, आतून सहाशेच मीटर. पण नर्मदा वळशानं निघालीय आणि मागे वळून बघत नाहीये. तेव्हा इथेच थांबतो.

तुझा,
आधारभाऊ